दाराजवळच्या दोन कुंड्या

१

वाळवणखोलीच्या दाराची कडी मी माझ्या हातानं काढली, त्यामुळे ती बाहेरून लावलेली होती हे मी छातीठोकपणे सांगू शकते. पुढे हाच प्रश्न मला कितीतरी जणांनी फिरवून फिरवून विचारला. दार आपोआप लागलं असेल का? गडबडीत कोणी ओढलं असेल का? नाही. ती आडवी लोखंडी कडी होती. उचलून बसवावी लागायची.

जोडून आलेल्या लांबलचक सुट्टीनंतरची ती पहिलीच सकाळ. दुपारी परीक्षक येणार होते, म्हणून मी आणि सर आधीच पोचलो होतो. सर म्हणजे आमच्या संस्थेचे संचालक. त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे.

"उघड पोरी. बघू या, आपले वीर तग धरून आहेत का," ते माझ्या मागून म्हणाले.

दार उघडलं आणि भट्टीतली असावी तशी कोरडी झळ तोंडावर आली. मग मला माझ्या जाऊबाई दिसल्या.

त्या कुशीवर पडल्या होत्या, दारापासून हातभर अंतरावर. ओठांना भेगा पडल्या होत्या. दाराचा आतला रंग कमरेच्या उंचीवर खरवडून निघाला होता. शेजारी पाण्याची रिकामी बाटली होती. आणि त्यांच्या व उंबऱ्याच्या मध्ये, अगदी पायात येतील अशा, दोन कुंड्या. पिवळ्या पट्टीच्या कुंडीत काळपट चिपाड, पांढऱ्या पट्टीच्या कुंडीत हिरवंगार रोप.

सरांनी माझा चेहरा दुसरीकडे वळवला. "बघू नकोस. तू पळ, फाटकावर जाऊन माणसं आण. मी थांबतो इथे."

मला पळायचं होतं, पण जाऊबाईंना सोडून जाववेना. मी तिथेच किंचाळले, आणि माणसं आपण होऊन धावत आली.

२

आमची वाळवणखोली म्हणजे पोलादी भिंतींची खोली, बाहेरून बघायला एका भिंतीत जाड काच. तिथे रात्रंदिवस दिवे जळतात आणि गरम, कोरडी हवा फिरते. कोणतं रोप पाण्यावाचून किती तगतं, हे पाहायला ती बांधलेली. जाऊबाईंनी मक्यात एक जनुक घातलं होतं. त्यामुळे मक्याचं रोप ट्रेहॅलोज नावाची साखर बनवायचं. आपल्या साखरेच्या निम्मीच गोड, पण गुण भारी. पेशीतलं पाणी आटलं की ही साखर त्या जागी काचेसारखी घट्ट बसते आणि पेशीला मोडू देत नाही. रोप वाळून चुरचुरीत होतं, तुम्ही म्हणाल संपलं. पाणी द्या, दोन दिवसांत ते मान वर काढतं. साध्या मक्याला पाणी द्या, तो कुजतो. साखरेच्या मक्याच्या कुंड्यांना पिवळी पट्टी, साध्या मक्याच्या कुंड्यांना पांढरी.

तपासाला आलेले इन्स्पेक्टर धिप्पाड होते आणि सारखे शिंकत होते. "मक्याचं आणि माझं पूर्वजन्मीचं वैर आहे," नाक पुसत ते म्हणाले. मग माझ्या थोरल्या दिरांकडे वळून त्यांनी विचारलं, "पत्नी इतके दिवस घरी नाही, तुम्हांला काळजी नाही वाटली?"

थोरल्या दिरांनी फोन पुढे केला. सुट्टी लागली त्या दुपारी जाऊबाई बॅग घेऊन माहेरी निघाल्या होत्या. जाता जाता मक्याला बघून जाते, म्हणाल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांच्या फोनवरून निरोप आला होता: बसमध्ये बसले. तिकडे फोन लागत नाही, काळजी करू नका.

"आणि त्यांची बॅग इथे टेबलाखाली सापडली," इन्स्पेक्टर म्हणाले. "म्हणजे त्या बसमध्ये बसल्याच नाहीत. निरोप दुसऱ्या कोणी तरी धाडला."

फोन मात्र सापडत नव्हता. खोलीतल्या उष्णतेनं फोन बिघडतात, म्हणून आत जाणारा प्रत्येक जण आपला फोन दाराबाहेरच्या ताटलीत ठेवायचा. ताटली रिकामी होती. जाऊबाई फोनला कुलूप घालत नसत. माझ्या फोनमध्ये मक्याशिवाय आहे काय, असं म्हणायच्या.

"या इमारतीत शिरायचं कार्ड कोणाकोणाकडे?"

माझ्याकडे, जाऊबाईंकडे, सरांकडे आणि माझ्या यजमानांकडे. बियाणे कंपनीचा एक माणूस कित्येक महिने आमच्याकडे ठाण मांडून होता, त्याला सगळे 'पाहुणे' म्हणत. तो घाईघाईनं म्हणाला, "मला तर काचेतूनच दाखवतात सगळं. मी आज परत निघालोय." त्याची बॅग भरलेली होती. इन्स्पेक्टरांनी ती पुन्हा खोलीवर ठेवायला लावली.

मग ते दाराच्या आतल्या बाजूला वाकले. "इथे मूठ होती ना? आतून दार उघडायची, कडीसुद्धा उचलणारी?" स्क्रूंची भोकं ताजी, चकचकीत दिसत होती. "ही काढून ठेवलीय कुणीतरी. यंत्रांचं, दारांचं काम कोण बघतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझे यजमान," मी म्हणाले.

३

संध्याकाळपर्यंत सर माझ्याजवळ काचघरातल्या बाकावर बसून होते. मला या कामात त्यांनीच आणलं होतं. वडिलांसारखे होते मला ते.

"काय नशीब बघ," ते हळू आवाजात म्हणाले. "तिनं येत नाही म्हणून कळवलं आणि तिची आई बिचारी निश्चिंत राहिली. नाहीतर त्या माउलीनं त्याच दिवशी शोधाशोध केली असती."

मी नुसती रडत होते.

घरी आले तर जाऊबाईंच्या आई पोचल्या होत्या. त्यांना माहेरी सगळे अक्का म्हणत, जाऊबाईसुद्धा. आमच्या घरात 'आई' म्हणजे सासूबाई, आम्हां दोघी जावांनाही. सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून अक्का पडून होत्या. इन्स्पेक्टरांनी तिथेच खाली बसून विचारलं, "मुलगी आली नाही, तर फोन नाही केलात?"

"केला. लागला नाही." अक्का उठल्यासुद्धा नाहीत. "ती येते म्हणायची आणि मका आडवा यायचा. दर खेपेला तेच."

"तिचा निरोप आला होता काही?"

"नाही. तिचा निरोप न येणं हाच तिचा निरोप असायचा."

हे दोन्ही मी माझ्या कानांनी ऐकलं, एकाच दिवशी. पण माझं डोकं वेगळ्याच भीतीनं व्यापलं होतं. आमचे हे आल्यापासून एका जागी बसले नव्हते. हात धुऊन आले, पुन्हा धुवायला गेले, आणि पुन्हा.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्यांना चौकीवर बोलावलं. घर रिकामं झाल्यावर मी मागच्या पडवीत गेले आणि त्यांची हत्यारांची पेटी उघडली. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर. तळाशी एक तेलकट फडकं होतं. त्यात दाराची मूठ होती.

मी ती उजेडाकडे धरली. आणि तेव्हाच दारात सावली आली.

"काय शोधतेस?" हे म्हणाले.

४

माझ्या आणि बाहेरच्या उजेडाच्या मध्ये ते उभे होते. ज्या माणसाच्या शेजारी मी अकरा वर्षं झोपत आले, त्याच्याकडे पाहून मला पहिला विचार आला तो हा, की यांच्या बाजूनं निसटायला जागा किती आहे.

"मी सुट्टीच्या आधी काढली होती ती," ते म्हणाले. "अडकत होती. घरी आणून नीट करावी म्हटलं. नवीन आटे पाडून ठेवलेत, बघ."

"मग सांगितलं का नाही पोलिसांना?"

"कोण विश्वास ठेवेल? तू ठेवतेस?"

मी मूठ पुन्हा फडक्यात गुंडाळली. ते खाली बसले. "मी सरांना सांगून आलो होतो. आतली मूठ काढलीय, कोणी आत गेलं तर दाराला स्टूल लावूनच जाऊ द्या. सर म्हणाले, बरं. वहिनीला मी स्वतः सांगायला हवं होतं. त्या घरी होत्या, समोर बसल्या होत्या, आणि माझ्या डोक्यातून निघून गेलं."

"पण तुम्ही सरांना खरंच सांगितलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी सासूबाईंच्या खोलीत, अक्कांशेजारी झोपले, आणि दाराला आतून पेटी सरकवली.

सकाळी मी थेट सरांकडे गेले. मुठीबद्दल सांगितलं. विचारलं, "यांनी तुम्हांला सांगितलं होतं का?"

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ काच पुसत राहिले. "मला तुझ्याशी खोटं बोलता येणार नाही, पोरी. नाही. मला तो काहीच बोलला नाही."

आता सगळंच सांगून मोकळं व्हावं म्हणून मी दुसरीही गोष्ट बोलून गेले. रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर त्या दोन कुंड्या होत्या. "सर, पिवळ्या पट्टीचा मका मेला आणि पांढऱ्या पट्टीचा जगला. हे उलटं आहे. कोणीतरी पट्ट्या बदलल्यात. बाटलीतलं पाणी जाऊबाई प्यायल्याच नाहीत, सर. कुंड्यांना घातलं."

सरांचा पुसणारा हात थांबला.

"हे कोणाला बोललीस?"

"कोणालाच नाही."

"बोलू नकोस. आधी आपण दोघं खात्री करू. पोलिसांनी खोली मोकळी केलीय. दुपारी जेवणाच्या वेळी ये, कोणी नसतं तेव्हा. आतल्या ओळी मला दाखव."

५

दुपारी बोळ निर्मनुष्य होता. वाळवणखोलीचं दार सताड उघडं होतं, आणि सर त्याच्या बाजूला उभे होते. एखाद्या पाहुण्याला आत घ्यावं तसा हात पुढे करून.

"ये. फोन ठेव ताटलीत."

मी फोन ठेवायला वाकले आणि तो वाजला. सासूबाई होत्या. सरांनी मान हलवली, घे घे.

"अगं ऐकतेस का," सासूबाई ओरडूनच बोलत. फोन म्हणजे लांबचा माणूस, त्याला मोठ्यानं सांगावं लागतं, अशी त्यांची समजूत. मी फोन कानाशी गच्च दाबला. "शेजारीण आली होती, तिला म्हटलं या फोनात मोठीचा एखादा फोटो आहे का बघ. तर तिला मोठीचा निरोप दिसला. मला कुठलं वाचता येतंय! सुट्टी लागली त्या दिवशीचा. 'आई, काम निघालंय, या सुट्टीत येणं जमत नाही.' आता मला सांग, मोठी मला कशाला कळवेल येत नाही म्हणून? ती इथेच तर राहायची!"

मी नजर जमिनीवर ठेवली. सरांचे बूट दिसत होते.

जाऊबाईंच्या फोनात 'आई' म्हणजे सासूबाई. ज्यानं तो फोन उचलला त्याला ते ठाऊक नव्हतं. त्यानं 'आई' शोधलं, आणि माहेरी धाडायचा निरोप सासरी धाडला. घरातल्या कोणाच्याही हातून ही चूक झाली नसती. थोरल्यांच्या हातून नाही. यांच्या हातून नाही. आणि तिनं येत नाही म्हणून आईला कळवलं, हे मला कोण म्हणालं होतं? अक्कांना तर काहीच मिळालं नव्हतं. असा निरोप आहे हे जगात एकालाच माहीत असणार.

"हो आई," मी म्हणाले. "भाजी फ्रीजमध्येच आहे. गरम करून घ्या."

"कसली भाजी? मी काय विचारतेय—"

मी फोन बंद केला.

"सासूबाई?" सर हसले. "चल, आटपू या."

उंबरा माझ्यापासून दोन पावलांवर होता. आतून कोरडी हवा येत होती, आणि दाराच्या आतल्या बाजूला ती दोन भोकं दिसत होती.

"सर, तुम्ही आधी व्हा."

"मी दार धरतो. तू हो आत."

"पाण्याची बाटली विसरले," मी म्हणाले. "आत पाण्याशिवाय जायचं नाही, हा तुमचाच नियम."

आणि मी वळले. धावले नाही. धावले असते तर ते समजले असते. पाठीमागे त्यांचा श्वास ऐकू येत होता, मग एक पाऊल, मग दुसरं. बोळाच्या टोकाला काचघर होतं. तिथून शिंक ऐकू आली. एवढ्या प्रेमानं मी कोणाच्या शिंकेकडे आजवर गेले नव्हते.

६

इन्स्पेक्टर काचघरात कुंड्यांच्या दोन ओळींपुढे उकिडवे बसले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन अक्षरशः कोसळले आणि तोंडाला येईल तसं सगळं सांगितलं. सर दारातच थबकले होते.

"या सर, या," इन्स्पेक्टर म्हणाले. "बरं झालं आलात. खोलीतल्या दोन्ही ओळींतल्या थोड्या थोड्या कुंड्या परवा इथे आणून मी पाणी घातलं होतं. मला वनस्पतिशास्त्र येत नाही. पण अशा भट्टीत कोंडलेली तहानलेली बाई आपलं पाणी कुंडीत ओतते, म्हटल्यावर तीच गोष्ट मी करून बघितली." पांढऱ्या पट्ट्यांची ओळ सबंध हिरवी झाली होती. पिवळी कुजून वास मारत होती. "म्हणजे तुमच्या परीक्षकांसमोर बाईंचा मका मेला असता. नापास वाण संस्था टाकून देते, आणि टाकलेल्या वस्तूला मालक नसतो. मग तो मका पाहुण्यांच्या कंपनीत नव्या नावानं उगवला असता, आणि मोबदला तुम्हांला मिळाला असता. पाहुणे सकाळपासून पोपटासारखे बोलतायत."

"पट्ट्या कोणीही बदलल्या असतील," सर म्हणाले. "हिच्या नवऱ्याकडे कार्ड आहे. मूठ त्याच्याच पेटीत सापडली."

"हो. ती त्यांनी कालच चौकीवर स्वतः आणून दिली."

हे मला ठाऊक नव्हतं.

"बाईंना कोणी कोंडलं ते कळलंच नसणार," इन्स्पेक्टर पुढे म्हणाले. "नाव माहीत असतं तर दारावर खरवडलं असतं. त्यांना माहीत होतं ते इतकंच, की पट्ट्या बदलल्यात. तेच त्यांनी दार उघडणाऱ्याच्या पायात ठेवलं. खरं ना, सर? त्या आत गेल्या, पानं वळण्याची तऱ्हा त्यांनी ओळखली. तुम्ही काचेतून बघितलंत. आतली मूठ नाही हे तुम्हांला सांगितलेलं होतं."

"हे सगळे तर्क आहेत."

"असू देत. एकच सांगा. बाईंनी आईला येत नाही म्हणून कळवलं, हे तुम्हांला कोणाकडून कळलं?"

"त्यांच्या आईकडूनच," सर लगेच म्हणाले.

"त्या तुम्हांला भेटल्यात कधी? फोनवर बोललात?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, गयावया होती, आणि तिचीच मला जास्त भीती वाटली.

"मी तिला मारलं नाही," ते म्हणाले. "मी स्टूल काढून फक्त कडी लावली. म्हटलं जरा विचार करू, तिला काय सांगायचं ते ठरवू. घरी गेलो. मग वाटलं, आता उघडून तिला तोंड कसं दाखवू? दुसऱ्या दिवशी तर आणखीच अवघड झालं. मी तिला मारलं नाही, पोरी. मी फक्त दार उघडलं नाही."

इन्स्पेक्टरांनी उठून सरांच्या दंडाला धरलं.

जाऊबाईंचा फोन सरांच्या घरी फ्रीजमध्ये, बियाण्याच्या पाकिटांमागे सापडला. परीक्षक पुढच्या महिन्यात आले. थोरल्या दिरांनी सगळ्यांसमोर कुंड्यांना पाणी घातलं. रोपांनी माना वर काढल्या, परीक्षकांनी हात मिळवले. टाळ्या वाजवायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

सरांना नेलं त्या दिवशी घरी आल्यावर ह्यांनी मला विचारलं, "तुला खरंच वाटलं होतं, की मी?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि पडवीत निघून गेले. मला वाटलं आता हे कायमचं तुटलं. पण ते हत्यारांची पेटी घेऊन परत आले आणि पुढच्या खोलीपासून सुरुवात केली. एकेका दाराची बाहेरची कडी काढून ते खाली ठेवत चालले.

"अरे, हे काय आरंभलंस?" सासूबाई ओरडल्या. "चोर शिरतील की!"

"आतून आहेत ना कड्या. त्या पुरेत," हे म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दाराचा स्क्रू गंजला होता, हलेना. ते स्टुलावर चढले, स्टूल डुगडुगलं. मी जाऊन ते दोन्ही हातांनी धरलं आणि स्क्रू निघेपर्यंत सोडलं नाही.